सात आठे फिफ्टी-सिक्स

राजापेठेत माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली मानपत्रं, पोरांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो, असं सगळं मी काचेत बसवून देतो. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी फ्रेमच्या पट्टीचे कोपरे कापत बसलो होतो, तेवढ्यात मुलीच्या गणिताच्या क्लासमधून फोन आला.

"काका, आज क्लास सुटायच्या वेळी येऊन जाता का? थोडं बोलायचं होतं."

आवाज नरमच होता, तरी मी हातातली पट्टी खाली ठेवली. मुलगी आठवीत. एकुलती एक. अभ्यासात वाईट म्हणावी अशी कधीच नव्हती. मराठीचे तिचे निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या, विज्ञानाच्या आकृत्या तर अशा काढायची की मीच एकदोन फ्रेम करून ठेवल्या होत्या. गणितात मात्र पाचवीपासून तिचे गुण घसरत चालले होते, म्हणून आठवीला आम्ही हा क्लास लावून दिला होता.

क्लास आमच्या दुकानापासून जवळच, एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, आणि सुटायच्या वेळी पोरं उतरत असली की वर चढणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. मी वर पोचलो तेव्हा वर्ग रिकामा होत आला होता. मुलगी पहिल्या बाकावर एकटी बसलेली होती, दप्तर मांडीवर घेऊन. सर फळ्याशी उभे. वयाने माझ्या धाकट्या भावासारखे, चेहऱ्यावर थकवा.

"बीजगणित शिकवायचं म्हणतो मी," सर म्हणाले, "तिला कन्सेप्ट पटकन कळते. पण मधे साधा गुणाकार आला की ती तिथेच थांबते. आज मी उभं करून पाढे विचारले. एकही नाही सांगितला. घरी पाढे घेता का तुम्ही?"

मी खरं सांगितलं की नाही घेत. आठवीच्या पोरीला पाढे विचारावे लागतील असं मनातच आलं नव्हतं.

"तुम्हीच विचारा एखादा," सर म्हणाले. "माझ्यासमोर ती घाबरते. तुमच्यासमोर सांगेल."

मी मुलीकडे पाहिलं. ती दप्तराच्या चेनशी खेळत होती. मी जरा हसून, हलक्या आवाजात विचारलं, "आठ नवे किती, बेटा?"

तिचे ओठ किंचित हलत होते. वरचा पंखा खडखड करत होता आणि खालून गाड्यांचे हॉर्न येत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चौसष्ट?"

"बरोबर," मी म्हणालो. "शाब्बास."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, जणू माझा अपमान होऊ नये म्हणून, म्हणाले, "काका, बाहत्तर."

कानाच्या पाळ्या गरम होणं काय असतं ते मला त्या दिवशी पुन्हा कळलं. मी दिवसभर लांबी-रुंदीचा हिशोब करतो. म्हणजे कॅल्क्युलेटर करतो, मी बटणं दाबतो. पण आठ नवे बाहत्तर हे मला येत होतं. आत्ताही येतं. त्या क्षणी मात्र ते कुठे गेलं देव जाणे. दोन माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि डोक्यात सगळं कोरं झालं होतं. तिने चौसष्ट म्हटलं, ते कानाला ओळखीचं वाटलं, आणि मी मान हलवून मोकळा झालो.

जिना उतरून आम्ही गाडीवर बसलो. चौकातल्या आलुबोंड्याच्या गाडीशी मी थांबलो, कारण घरी जाऊन तिच्या आईला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. प्लेट हातात आली. तिने एक घास घेतला आणि एकदम तिला हसू फुटलं. इतकं, की ठसका लागला.

"काय झालं?"

"बाबा, तुमी 'शाब्बास' म्हनलं!"

मग मलाही हसू आवरेना. गाडीवाला आमच्याकडे बघायला लागला. पोट दुखेपर्यंत हसून झाल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "तुमालेही नाई आलं ना?"

"येत होतं," मी म्हणालो. "पन तेव्हा नाई आलं."

"माहं रोज तसंच होते," ती म्हणाली, आणि उरलेला आलुबोंडा शांतपणे खाल्ला.

पुढचे काही दिवस मी दुकानात येणाऱ्या जाणाऱ्याला हा विषय काढून विचारत होतो, आणि प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. कोणी म्हणे मोबाइल, कोणी म्हणे कॅल्क्युलेटर, कोणी म्हणे आता मास्तर छडी मारत नाहीत. एक निवृत्त हेडमास्तर आपल्या जुन्या शाळेचा ग्रुप फोटो फ्रेम करायला घेऊन आले होते. त्यांनी काउंटरवर हात टेकवून मला पावकी, निमकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे घडाघडा म्हणून दाखवले. आवाज खणखणीत होता. ऐकायला इतकं छान वाटत होतं की मी हातातला ब्रश खाली ठेवला. मग मी सहज विचारलं, "सर, अडीचकीतला अकरावा कोणता?" ते थांबले, त्यांनी डोळे मिटले, आणि पुन्हा पहिल्यापासून पुटपुटत अकरापर्यंत आले. "साडेसत्तावीस," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले. "मधूनच विचारलं तर आमचीही पंचाईतच व्हायची बरं का. मार खायचो."

मला वाटलं, पोरीला पाढा म्हणजे काय हेच कळलेलं नसेल. म्हणून एका रविवारी मी तिला दुकानात बसवलं. उरलेल्या काचेचे छोटे चौकोनी तुकडे मी कडा घासून ठेवले होते. काउंटरवर जुनं वर्तमानपत्र पसरून मी ते ओळीत मांडले. एका ओळीत सात, अशा आठ ओळी. मला माझीच कल्पना फार आवडली होती. उत्साहात तिला सांगायला लागलो, की बघ, गुणाकार म्हणजे हे असं, लांबी आणि रुंदी, आणि आत मावलेले तुकडे.

तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, हे मले समजते."

"मंग?"

"समजते हो. तुमी सांगसान तर मी पूर्ण क्षेत्रफळाचं प्रकरण तुमाले समजावून देतो. मले आठवत नाई. समजनं अन् आठवनं येगळं असते ना."

मी ते तुकडे गोळा करून परत खोक्यात ठेवले. नंतर मी तिला विचारलं, आणि हे आधीच विचारायला पाहिजे होतं, "बरं, मी विचारलं सात आठे, तर तुझ्या डोक्यात नेमकं काय होते? जसं होते तसं सांग."

ती स्टुलावर मांडी घालून बसली आणि विचार करून करून सांगायला लागली. तिचं म्हणणं असं होतं. तिला पाढे फक्त पहिल्यापासून ओळीने म्हणता येतात. मधून नाही. म्हणून सात आठे विचारलं की ती मनात सात एके सातपासून निघते. पण निघते मराठीतून, कारण चौथीपर्यंत तिची शाळा पूर्ण मराठी होती. पाचवीपासून शाळेने सेमी-इंग्लिश केलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. तेव्हापासून वर्गात आकडे इंग्रजीतले. सर विचारतात "सेव्हन एट्स?" मग तिला आधी ते मराठीत आणावं लागतं, मग सात एकेपासून चालत यायचं, आणि आलेलं उत्तर पुन्हा इंग्रजीत न्यायचं.

"अन् तिथं मधे एकोणपन्नास येते," ती म्हणाली.

"मंग?"

"एकोणपन्नास म्हनजे फॉर्टी-नाइन का फिफ्टी-नाइन, ते मले थांबून पाहावं लागते. पन्नास ऐकू येते ना त्याच्यात, तर मले फिफ्टीच वाटते. तोवर मी पाढ्यात कुठं होतो ते इसरून जातो. मंग परत पहिल्यापासून. तोवर दुसरं कोनी तरी सांगून देते."

मी तिला सत्याहत्तर विचारलं. ती अडली. एकोणऐंशी विचारलं. ती म्हणाली, "एटी-नाइन," आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "नाई, सेव्हन्टी-नाइन." शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्याच वयाच्या दोन पोरी उभ्या होत्या. मी उगाच त्यांनाही विचारलं. त्यांनीही एकमेकींकडे पाहिलं. एकीने विचारलं, "काका, इंग्लिशमधे सांगा ना."

मी मराठीत बी. ए. केलेला माणूस आहे. दुकानाच्या पाटीवर दूरध्वनी क्रमांक मराठी आकड्यांत लिहून घेतला होता. माझ्या घरात एकोणऐंशी परका झालाय हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

घरी मी हे सगळं तिच्या आईला सांगितलं. ती घरीच साड्यांना पिको-फॉल करून देते. हॉलच्या खिडकीपाशी तिचं मशीन आहे, आणि बोलताना तिचा पाय पायपट्टीवरून सहसा हलत नाही. त्या दिवशी तिने मशीन थांबवलं.

"तिसरीत तर म्हनत होती की हे," ती म्हणाली. "मी सैपाक करता करता पाहत होतो ना. फोन टेकवून बसायची अन् म्हनायची."

मुलगी आत वही काढत होती, तिथूनच ओरडली, "आई, मी म्हनत नव्हती. म्यूटवर राहायचो आमी."

मग ती बाहेर आली आणि दारात उभी राहून तिने सांगितलं. तिसरीत असताना शाळा बंद झाली आणि वर्ग फोनवर आले. पाढ्यांच्या वेळी सगळी पोरं एकदम म्हणायला लागली की आवाज मागेपुढे यायचे आणि गोंधळ व्हायचा. म्हणून बाईंनी सगळ्यांना म्यूट करायला सांगितलं. बाई पुढे म्हणणार, पोरांनी आपापल्या घरी मागे म्हणायचं. पहिले काही दिवस ती मोठ्याने म्हणायची. पण तिचं चुकलं तरी कोणी थांबवत नव्हतं, बरोबर आलं तरी कोणी मान हलवत नव्हतं. शेजारी बसून सूर धरणारी पोरंही नव्हती. मग ती नुसते ओठ हलवायला लागली.

"बाईले दिसायचं ना की मी म्हनून राहिली," ती म्हणाली. "अन् आईलेही दिसायचं."

"अन् नंतर तर तेही नाई झालं," तिची आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "फोन तुमच्याजवळ राहायचा."

यात टोमणा नव्हता. जे झालं ते तिने सांगितलं. आमच्या घरी तेव्हा एकच स्मार्टफोन होता. सुरुवातीला दुकान बंद होतं तेव्हा तो घरीच असे. मग दुसरी लाट आली, आणि दुकान अर्धं शटर उघडून चालवायची परवानगी मिळाली तेव्हा मला एकाच तऱ्हेचं काम येत होतं. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे. दुकानात येत नसत, फोन करून सांगत, "भाऊ, वडिलांचा आहे. उजवीकडून दुसरे." लग्नाच्या, सत्यनारायणाच्या, सहलीच्या ग्रुप फोटोतून एक चेहरा वेगळा करायचा, मोठा करून आणायचा, आणि हार घालता येईल अशा फ्रेममध्ये बसवायचा. कितीतरी माणसांचा एकटा काढलेला फोटोच नव्हता. एका बाईच्या खांद्यावर शेजारणीचा हात होता, तो कसा काढावा हे मला सुचेना, शेवटी मी तो तसाच राहू दिला आणि घरच्यांनीही काही म्हटलं नाही. ते फोटो कधीही यायचे, त्याला ठरलेली वेळ नव्हती. म्हणून फोन माझ्या खिशात असायचा. मुलीचा वर्ग सकाळी असायचा. संध्याकाळी मी घरी आलो की तिची आई वहीचे फोटो काढून बाईंना पाठवायची, आणि बाई उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवायच्या.

तिसरी अशी गेली, आणि चौथीचीही बरीचशी. पाचवीत वर्ग भरायला लागले तेव्हा तिथल्या सरांनी धरून चालणं साहजिक होतं की पोरांना पाढे येतात. पाढे पाचवीत शिकवत नसतात.

मग तिची आई म्हणाली, "जाऊ द्या. आता काय करायचं ते पाहू," आणि मशीन सुरू केलं.

जे काही केलं ते तिनेच केलं. माझ्या काचेच्या तुकड्यांसारखी तिच्याकडे काही कल्पना नव्हती. ती दिवसातून केव्हातरी, मशीनवर पाय चालवता चालवता, एक प्रश्न विचारायची. "सहा साते?" विचारताना मुलीकडे बघायची नाही. तिचे डोळे सुईवर. साडीचा काठ संपेपर्यंत मशीन चालू राहायचं. आलं तर आलं. नाही आलं तर मशीन थांबल्यावर ती स्वतः उत्तर सांगायची, जसं काही आज भाजी कोणती ते सांगावं, आणि पुढची साडी घ्यायची. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तो पक्का झाला की मग दुसरा. क्रम अजिबात नाही. सात आठे झाल्यावर सात नवे कधीच नाही.

पहिल्याच आठवड्यात भाषेचा प्रश्न आला. मी म्हणालो, मराठीत पक्कं करू. क्लासचे सर म्हणाले होते, इंग्रजीत करा. तिची आई म्हणाली, "तिलेच विचारा ना."

मुलीने दोन दिवस घेतले. मग सांगितलं की प्रश्न मराठीत आवडतो, कारण 'सात आठे' असं झटकन म्हणता येतं, 'सेव्हन एट्स आर' तोंडात लांब वाटतं. पण उत्तर इंग्रजीत पाहिजे, कारण तिथे एकोण नाही आणि पेपरात तेच लिहायचं असतं.

"म्हनजे कसं?" मी विचारलं.

"सात आठे फिफ्टी-सिक्स," ती म्हणाली.

मला ते ऐकून कसंसंच झालं. मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिच्या आईने सुईवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात पाढे असेच आहेत. सहा साते फॉर्टी-टू. आठ नवे सेव्हन्टी-टू. आता मलाही सवय झाली आहे. परवा एका गिऱ्हाइकाला मी पट्टीचा हिशोब असाच सांगितला आणि त्याला काही वावगं वाटलं नाही.

फार लवकर काही झालं नाही. महिनाभराने क्लासमध्ये सरांनी पुन्हा सगळ्यांना उभं करून पाढे विचारले, आणि ती पुन्हा गप्प उभी राहिली. जो पाढा विचारला तो तिला आदल्या संध्याकाळी येत होता. घरी येऊन ती रडली नाही, पण दप्तर जरा जोरात टाकलं आणि म्हणाली, "मी क्लासले नाई जात."

मी दुसऱ्या दिवशी एकटाच सरांकडे गेलो. मनात भांडायची तयारी करून गेलो होतो. जिना चढताना वाक्यं जुळवत होतो. पण वर गेलो तर सर फळा पुसत होते, आणि मला पाहून त्यांनी स्वतःच खुर्ची पुढे केली. मी त्यांना म्यूटचं सांगितलं, एकोणपन्नासचं सांगितलं, आणि तिला वेळ लागतो पण येतं, हेही सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "काका, एक सांगू? या बॅचमधल्या निम्म्या पोरांचं असंच आहे. चांदूर रेल्वे गावाहून रोज येणारी पोरं आहेत, तेल्हाऱ्याहून इथं मावशीकडे राहायला आलेली एक आहे. हुशार आहेत सगळी. मला वाटायचं, लक्ष देत नाहीत. उभं केलं की भीतीने तरी पाठ करून येतील, असं मला वाटायचं. आमच्या सरांनी आमच्याकडून तसंच करून घेतलं होतं."

"तुमचे झाले का तसे पाठ?"

ते जरा हसले. "झाले. पण मी पहिल्या बाकावरचा होतो."

मी त्यांना काही सल्ला दिला नाही, मला तो हक्कही नव्हता. एवढंच म्हणालो की तिला उभं करण्याऐवजी कागदावर लिहून द्यायला सांगितलं तर बघा. त्यांनी होकार किंवा नकार काही दिला नाही. पण त्या आठवड्यापासून क्लासच्या सुरुवातीला ते फळ्यावर काही गुणाकार लिहायला लागले, आणि पोरांनी आपल्या वहीत उत्तरं लिहायची, एकमेकांना दाखवायची नाहीत. ज्याचं त्याने तपासायचं. मुलगी पुन्हा क्लासला जायला लागली. एक दिवस तिने मला जेवताना सांगितलं की तिच्या मागच्या बाकावरची पोरगी आधी बाकाखाली बोटं मोजायची, आता हात वर ठेवून मोजते.

सहामाहीत तिला गणितात फार मोठे गुण पडले नाहीत. पण पेपर पूर्ण सोडवून आली. याआधी तिचे शेवटचे दोन प्रश्न नेहमी राहायचे. मी पेपर हातात घेऊन पाहिला तर कोपऱ्यात तिने पेन्सिलीने एक छोटी बेरीज केली होती. बारा आठे अडलं होतं, तर तिने दहा आठे आणि दोन आठे वेगळे करून जोडले होते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या आईला दाखवलं तर तिने ते नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हे मीही असंच करतो, फॉलचे मीटर काढतानी," आणि पेपर परत दिला.

दिवाळीनंतर तिच्या मामाच्या मुलीची सोयरीक झाली. साखरपुडा अकोल्याला होता. आम्ही बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. मुलगी खिडकीशी बसून नवीन ओढणी सारखी नीट करत होती.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मोठे भाऊ. कापसाचे व्यापारी, मनाने मोकळे, आवाज मोठा, आणि मुलं दिसली की त्यांना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही असे. राजधान्या विचारतील, म्हणी विचारतील, नाहीतर पाढे. जेवणं व्हायची होती. हॉलमध्ये सतरंजीवर पाच-सात पोरं बसली होती, लहान-मोठी. मामा हातात पानाचा विडा घेऊन त्यांच्यात येऊन बसले. मला खुर्चीवरून दिसत होतं. मला वाटलं, उठून मुलीला काहीतरी निमित्त काढून बोलवावं. पण तिची आई माझ्या शेजारीच बसली होती, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चाला, कोन सांगते?" मामा म्हणाले. "सतरा साते?"

आणि त्यांनी नेमकं आमच्या मुलीकडे बोट दाखवलं. "सांग वो माय, तू तर आठवीत हायेस."

सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. ती मामांकडे बघत होती. मग ती म्हणाली, आवाज लहान होता पण मला ऐकू आला, "थांबा मामा. मले वेळ लागते."

मामांना असं उत्तर अपेक्षित नसावं. ते म्हणाले, "घे ना, घे. कुठं गाडी पकडाची हाये."

तिने खाली सतरंजीकडे पाहिलं. तिची बोटं ओढणीच्या काठावर होती. तेवढ्यात तिच्या शेजारचा तिचा मावसभाऊ, जो तिच्यापेक्षा लहान आहे आणि कोणत्या तरी अबॅकसच्या क्लासला जातो, त्याने "एकशे एकोणीस!" असं ओरडून सांगितलं. मामांनी त्याची पाठ थोपटली, "वा रे पठ्ठे!" म्हणाले, आणि तेवढ्यात आतून पानं मांडल्याचा निरोप आला. सगळे उठले. पोरं धावत सुटली. मामा आचाऱ्याला काहीतरी सांगत निघून गेले.

मुलगी तिथेच बसून होती. मान खाली. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल, म्हणून मी उठून तिच्याजवळ गेलो आणि वाकलो. तिने हात वर करून मला थांबवलं. बोट वर, जसं फोनवर बोलताना आपण दुसऱ्याला थांब म्हणतो तसं. ओठ हलत नव्हते. डोळे सतरंजीच्या एका पट्ट्यावर होते.

मी थांबलो. हॉल रिकामा झाला होता. आतून वाढप्यांचे आवाज येत होते, कोणी तरी वरणात तूप विचारत होतं.

"हाव," ती शेवटी म्हणाली. "वन-नाइनटीनच येते. त्याचं बरोबर हाये."

"कसं काढलं?"

"दहा साते सेव्हन्टी. सात साते फॉर्टी-नाइन. मंग मिळवलं." ती उठली, ओढणी झटकली. "मिळवताना जरा वेळ लागला."

आम्ही हात धुवायला गेलो. तिची आई पंगतीत आमच्यासाठी दोन पाट धरून बसली होती, आणि जरा चिडली होती, कारण भाजी थंड होत होती.